चोरबाहुलीचं पाणी

नागपूर, ८ जून

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम जीपचं रडगाणं. शिव्या देऊन घे आधी. फोनच करणार होतो, पण बाबा पलीकडच्या खोलीत असतात. एरवी चार हाका मारल्या तरी 'आं?' करणाऱ्या या माणसाला स्वतःबद्दलचं वाक्य भिंतीतून ऐकू येतं. म्हणून कागद. तब्येती सगळ्यांच्या ठीक, माझी शुगर आहे तिथंच आहे. मृग लागला, पावसाचा पत्ता नाही, कूलरसमोरून कोणी हलून नाही राहिलं.

तर झालं असं. ऐन नवतप्यात बाबांना रामटेकला जायचं सुचलं. कार नको, जीपच काढ म्हणाले. मनसरपर्यंत टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही. गडाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि काटा असा निघाला, जसा तू सावजीचं बिल आलं की हात धुवायला निघायचास. वर पोचेस्तोवर बॉनेटमधून वाफा. उतरून मी काय केलं? काही नाही. झाकणाला हात लावला नाही, पाणी ओतलं नाही, तासभर दगडावर बसून राहिलो. चोरबाहुलीला जीप तापली होती, त्या प्रकारानं तेवढं शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी टोचन करून ऑटोमोटिव्ह चौकापुढं आपल्या उस्तादकडं नेली. त्यानं आधी माझीच उलटतपासणी घेतली. हळू चालवताना तापते की पळवताना? हळू चालवताना तापली तर पंख्याकडं बघायचं, पळवताना तापली तर रेडिएटर चोक. मी म्हटलं, आता उभी असली तरी तापेल. मग थंड इंजिनवर झाकण काढून त्यानं सेल मारला. मिनिटभरात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, कढईत भजी सोडल्यासारखे. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा, पाण्यात शिरून राहिलं होतं. डिपस्टिक ओढली तर ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलेलं.

पण गॅस्केट बिचारं शेवटी जातं रे, आधी बाकीच्यांनी पापं केलेली असतात. रेडिएटर खोलला तर निम्म्या नळ्या क्षारानं बुजलेल्या, आपल्याच बोअरच्या पाण्याची कृपा, गीझरच्या कॉइलवर बसतो तसा थर. तीस वर्षं बाबांनी कूलंटला 'रंगीत पाणी' म्हणून हिणवलं. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं, म्हणजे काउल, कधीचाच गायब, त्यामुळं पंखा रेडिएटरमधून हवा ओढायची सोडून आजूबाजूची ओढतोय. आणि गरम पाणी रेडिएटरकडं वळवणाऱ्या थर्मोस्टॅट वॉल्व्हच्या जागी नुसतं भोक! 'नागपूरच्या उन्हात वॉल्व्ह कशाला बे' हे शहाणपण कोणाचं होतं, आठव. उस्ताद म्हणाला, वॉल्व्ह काढला की बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट, सताड उघडा राहतो, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परतून येतं. एवढ्यापुरता तू दोषी. मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मला तुझी माफी मागायची आहे आणि ती फार मोठी व्हायला नको.

इंजिनवरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. पट्टी लावून बघितलं तर मधोमध वाकलेलं. फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, लेथवर नेलं. तोच आपला म्हातारा लेथवाला, आता त्याचा नातू मशीन चालवतो, म्हातारा स्टुलावर बसून फक्त चुका काढतो. त्यानं डिझेलनं हेडची कड पुसायला लावली आणि बोटानं दाखवलं. दोन पंच मारलेले. एक '०१'. तो आपल्याला माहीतच आहे. त्याच्या शेजारी '९६'.

म्हटलं हे काय? म्हातारा म्हणाला, 'मी काम केलं की साल ठोकतो. ९६ ला तुझे वडील हेच हेड घेऊन आले होते. क्रॅक होता, वेल्डिंग करून दिलं. तेव्हाच सांगितलं होतं, हे पुन्हा उघडणार.'

बंड्या, ९६. आपण चोरबाहुलीला गेलो २००१ मध्ये. तू विहिरीची बादली तापल्या इंजिनात ओतलीस ते पाच वर्षांनी. म्हणजे क्रॅक आधीपासून होता, तुझ्या बादलीनं फक्त मुहूर्त काढला. आणि बाबांना हे ठाऊक होतं! तुझ्या बादलीनंतर हेड घेऊन ते एकटेच लेथवर गेले होते, मला बरोबर येऊ दिलं नव्हतं, आठवतं? परत येऊन हिंगण्याच्या तुझ्या पहिल्या पगारातले अकराशे रुपये त्यांनी थुंकी लावून मोजून घेतले. आणि मी गाढव, सात महिने तुझ्याशी बोललो नाही. तू पुण्याला निघालास तेव्हा महाराष्ट्र एक्स्प्रेसवर सगळे आले होते, मी घरी बसून कॅरम खेळत होतो. एकटा.

थंड पाणी ओतायला नकोच होतं, हे माझं मत कायम आहे. पण बाकीचं सगळं परत घेतो.

बाबांना विचारलं, ९६ साली हेडचं काम केलं होतं का? म्हणाले, '९६ साली तू बारावीला होतास. गणितात किती पडले होते रे?' संपली चौकशी.

आता खरा घोर. हेड दोनदा घासलेलं, तिसऱ्यांदा घासायला जाडीच उरली नाही. उस्ताद म्हणतो, भंगारातलं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन टाक, २५२३ सीसी, सुरू करताना हीटर प्लग तापवायची कटकट नाही, सामान कुठंही मिळतं. पंच्याऐंशी हजार. नाहीतर आपल्या २११२ सीसीच्या पूजो इंजिनलाच दुसरं हेड शोध, रेडिएटर नवा कर, काउल आणि वॉल्व्ह बसव, तीसेक हजारांत भागेल, 'पण गॅरंटी मागू नको.' डीआय म्हणजे थंडीत ट्रॅक्टर सुरू केल्याचा आवाज, ही पूजोसारखी हळू गुरगुरणार नाही. शिवाय इंजिन नंबर असतो ब्लॉकवर. इंजिन बदललं की आरटीओत आरसीवर नवा नंबर चढवा, भंगारवाल्याकडून त्याचे कागद आणा. नुसतं हेड बदललं तर यातलं काही नाही. दर ५ वर्षांनी फेरनोंदणी आणि ग्रीन टॅक्स आहेच, पुढच्या वर्षी पुन्हा पाळी. सुमी म्हणते, तिसरा पर्याय पण आहे, विकून टाका. तिच्याशी सध्या मोजकं बोलतो.

माझा कल हेडकडं आहे. पण गेल्या वेळी माझ्या कलानं काय झालं ते तुला माहीत आहे. म्हणून तू सांग. जीप बाबांची, पण अकराशेपुरता तुझाही तिच्यात हिस्सा निघतो.

जुनं हेड भंगारात दिलं नाही. गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलंय, तू आलास की दाखवीन. काल बाबा त्यावर चपला काढून ठेवत होते.

सईच्या बारावीचं काय झालं? वहिनींचा थायरॉइड? नवीन फ्लॅटला लिफ्ट सुरू झाली का, की अजून पाच मजले? सगळं सविस्तर लिही, मी घाईत विचारतोय म्हणून तू घाईत सांगू नकोस.

उस्तादला गुरुवारपर्यंत उत्तर हवंय. फोन कर, नुसता अंगठा पाठवू नको. रात्री दहानंतर कर, तेव्हा बाबा झोपतात. निदान तसं म्हणतात.

तुझा,
पम्या

ता. क. अकराशे बाबांकडून वसूल करायचे तर स्वतः ये. मला ते देणार नाहीत.