बोटांची टेस्ट करून घे

प्रिय सचिन,

फोनवर तू लगेच "काही नाही गं आई" म्हणून विषय बदलतोस म्हणून लिहून पाठवतेय, नीट वाच. रात्री बोटांना मुंग्या येतात आणि थंडीत गाडीवरून आलास की बोटांची टोकं पांढरी फटक पडतात, हे मला साधं वाटत नाही. अंबडला दिवसभर ग्राइंडर धरून कास्टिंग घासतोस, ती थरथर हळूहळू नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा करते. हे जुनंच दुखणं आहे रे, अमेरिकेत दगडखाणीतल्या कामगारांची अशी बोटं ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी १९१८ सालीच तपासली होती.

तू म्हणशील टाचणी टोचलेली तर मला कळते. कळेलच, पण थरथर कळणं बऱ्याचदा त्याआधीच कमी होतं आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. डॉक्टर १२८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा ट्यूनिंग फोर्क (धातूचा दोन दात्यांचा काटा) वाजवून बोटाच्या हाडावर टेकवतात, डोळे मिटून थरथर कधी थांबली ते सांगायचं. त्याने बारीक फरक कळत नाही, म्हणून मला वाटतं मशीनवाली टेस्टच कर. त्यात बोट ठेवतात तिथली थरथर अगदी कमीपासून वाढवत नेतात आणि जाणवली की तू बटण दाबायचं, ३१.५ आणि १२५ हर्ट्झ अशी दोनदा, कारण हळू आणि जलद थरथर ओळखणारे कातडीतले भाग वेगळे असतात. तर्जनी आणि करंगळी दोन्ही बघायला सांग, दोघींच्या नसा वेगळ्या, तर्जनीची नस मनगटात दाबली गेली तरी अशाच मुंग्या येतात.

शिफ्ट सुटल्यावर तसाच जाऊ नकोस, ग्राइंडर चालवल्यावर बोटं काही वेळ बधिर असतात आणि रिपोर्ट उगाच खराब येईल. हात गरम करून जा, गार बोटांना थरथर कमी कळते आणि नाशकातली सकाळची थंडी तुला माहितीये. शुगर आणि बी-१२ पण करून घे, पप्पांना शुगर आहे म्हणून सांगतेय.

बोटं पांढरी पडणं काम बदललं तर कमी होऊ शकतं, पण नस खराब झाली की ती बहुतेक वेळा पूर्ण भरून येत नाही. शर्टाची बटणं लावता येईनात तोवर थांबायचं का आपण? मला तुझ्या हातांची खूप काळजी वाटते रे. तंबाखू सोड, त्याने रक्तवाहिन्या अजून आवळतात. आणि ग्राइंडर दिवसाला किती तास हातात असतो ते डॉक्टरांना खरं सांग, कमी करून नको.

अपॉइंटमेंट मी घेते, तुझी सुट्टी कधी आहे तेवढं आज रात्री कळव.

तुझी आई