नाव न सांगता पैसे पाठवणाऱ्यांनो, थँक्यू!

अफ्रोपॉप वर्ल्डवाइड अजून ऐकायला मिळतंय ना, ते तुमच्यामुळे. १९८८ ला अमेरिकेच्या पब्लिक रेडिओवर (श्रोत्यांच्या देणग्या आणि सरकारी निधीवर चालणारा रेडिओ) सुरू झालेला आफ्रिकन संगीताचा कार्यक्रम, कॅमेरूनच्या जॉर्ज कॉलिनेंचा तो खर्जातला आवाज, कधी काँगोचा रुंबा, कधी सेनेगलचं म्बलाख (तिथलं नाचायचं संगीत), मधेच क्युबा नाहीतर हैती, आणि नुसती गाणी लावत नाहीत तर ती समुद्रापार कशी गेली, परत कशी आली तेही सांगतात (हा भाग माझा सगळ्यात फेव्हरेट). २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पब्लिक रेडिओ-टीव्हीचा निधीच काढून घेतला तेव्हा धस्स झालं होतं, गाणी सोडा, स्टेशनं तरी टिकतायत का असं वाटलं. पण कोणी दर महिन्याला पाच-दहा डॉलर टाकत राहिलात, कोणी प्लेज ड्राइव्हला (रेडिओवरून देणग्या मागायची मोहीम) फोन उचलत बसलात, नाव कुठेच नाही. मनापासून आभार, आणि यावेळी माझेही दहा धरा त्यात.