उद्घाटनानंतरही थांबलेल्या वार्ताहरास

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

पत्र जाहीर लिहिते आहे, पण तुमचं नाव घालत नाही. तुमच्या बातमीवर तरी ते कुठं असतं? ‘तालुका प्रतिनिधी’, एवढंच.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांच्या बातम्या येत नाहीत असं कुणी म्हणू नये. भाऊबीज झाली, मंडयांच्या जत्रा सुरू झाल्या, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरू लागले की वडशाच्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत गावोगाव फिरतात आणि जिल्हा पानावर बातमी ठरलेली. वर मथळा ‘नाटकातून समाजप्रबोधन घडते’, खाली कुणाचं तरी ‘प्रतिपादन’. मग उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी. संचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, तेही. नाटकाचं नाव असलं तर असलं, लेखकाचं त्याहून क्वचित. आम्ही सगळे ‘कलावंतांनी रसिकांची मने जिंकली’ या एका ओळीत मावतो. आणि ही मनं जिंकल्याची बातमी बऱ्याचदा पडदा उघडण्याआधीच गेलेली असते, निमंत्रणपत्रिका समोर ठेवून!

वार्ताहरांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण पान रात्री लागतं आणि आमचं नाटक पहाटे संपतं, त्याला ते काय करणार? मानधन हातात पडतं ते सांगायची सोय नाही, वर जाहिरातींचं टार्गेट. ज्यांच्याकडून जाहिरात आणायची, तेच उद्घाटक. पुण्या-मुंबईच्या नाटकाला पुरवणीत परीक्षण मिळतं. आमच्याकडे पुरवणी निघते ती नेत्याच्या वाढदिवसाला.

तरी तुम्ही त्या रात्री थांबलात. पाहुणे गेले, लावण्या झाल्या, शिट्ट्या पडल्या, थंडी वाढली. तुम्ही बसून होतात. दोन दिवसांनी छापून आलं ते चक्क नाटकाबद्दल होतं. दुसऱ्या अंकात रेकॉर्डवरचे डान्स घुसवल्यामुळे कथेचा दम तुटतो, हे लिहिलंत. ऑर्गनवाला नटाचा श्वास ऐकून साथ करतो, ती साथ स्पीकरच्या दणदणाटात बुडवू नका, हेही. आणि सासूच्या भूमिकेबद्दल एक ओळ, की ही बाई चिडते तेव्हाही घाबरलेलीच दिसते. भाऊ, ते मी तालमीत कुणालाच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या कामावर छापून आलेलं ते पहिलं वाक्य.

आमचे निर्माते मात्र तापले. हंगामाची जाहिरात ते तुमच्याच पेपरला देतात, आणि हे वाचून पुढच्या गावचं मंडळ तारीख फिरवेल अशी त्यांना धास्ती. तारीख फिरली नाही. उलट मंडळाच्या पोरांनी फोन करून विचारलं, सासू तीच येणार ना? पुढं नाटकातला एक डान्सही कमी झाला. एकच, पण झाला. गावातल्या गावात, उद्या पुन्हा तोंडं बघायची असताना, असं लिहायला किती जड जातं ते मला कळतं. शहरातल्या समीक्षकाला निर्माता रोज चहाच्या टपरीवर भेटत नाही.

२०२३मध्ये आमच्या झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली. कॅमेरे आले, आणि आलेला प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारायचा, ‘झाडीपट्टी म्हणजे नेमकं काय?’ तुम्हाला तो कधी विचारावा लागला नाही. २०२०च्या टाळेबंदीनं आमचं पोट मारलं, तेव्हा कोण नट धानाच्या रोवणीला गेला, कुणी भाजीचा ठेला लावला, हे तुम्हीच लिहिलं होतं. त्या बातमीनंतर आमच्या तबलजीच्या घरी कुणीतरी तांदळाचं पोतं उतरवून गेलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून इथं सांगते.

तुमचे आभार मानायला व्यासपीठ, हार, शाल असं माझ्याकडे काही नाही. बोलावणं तेवढं आहे. येत्या हंगामात नवं नाटक बसतंय. माझे दोनच प्रवेश आहेत, आणि त्यातला बरा प्रवेश पहाटे चारच्या सुमाराला येतो. उद्घाटनाला नाही आलात तरी चालेल. घरी जेवून, एक झोप काढून या.

आपली,
झाडीपट्टीतली एक कलावंत