ज्यांनी आमच्या प्रकल्पाचं नाव नीट बदललं, त्यांना

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हेही मला ठाऊक नाही. खात्यावर चार अक्षरांचं टोपणनाव, चित्राच्या जागी राखाडी चौकोन, यापलीकडे तुमची ओळख मिळत नाही. खासगीत आभार मानून पाहिले, तर "त्यात काय मोठंसं" एवढंच उत्तर आलं आणि त्याच निरोपात एका तुटलेल्या लिंकची दुरुस्ती जोडलेली होती. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

नव्या नावाची पहिली आवृत्ती सोडली तेव्हा मी तक्रारींची वाट बघत बसले होते. आमचं साधन म्हणजे फायलींचा बॅकअप घेणारं, सगळ्यांनी मिळून फुकटात लिहिलेलं सॉफ्टवेअर. लोक ते एकदा लावतात आणि विसरून जातात. रात्री ते आपोआप चालतं, आणि चाललं नाही तर डिस्क मेल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. अशा साधनाची कमांड, सेटिंगचं फोल्डर, सर्व्हिसचं नाव हे सगळं एका आवृत्तीत बदलायचं म्हणजे जिवाला घोर. पहिला निरोप आला तो असा: "अपग्रेड केलं. काहीच झालं नाही. नाव तेवढं वेगळं दिसतंय." तो वाचून मला रडू आलं. हसायचं असेल त्यांनी हसावं.

नाव का बदलावं लागलं हे बहुतेकांना माहीत आहे. त्याच नावाचं दुसरं पॅकेज आमच्या आधीपासून होतं, आणि एका रेपॉझिटरीत, म्हणजे लोक जिथून पॅकेजं उतरवून घेतात त्या साठ्यात, एका नावाची दोन पॅकेजं नांदत नाहीत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फायरफॉक्स २००२ साली फिनिक्स होता. ते नाव ट्रेडमार्कच्या वादात गेलं म्हणून २००३ मध्ये फायरबर्ड झाला, तर त्या नावाचा एक डेटाबेस प्रकल्प आधीच उभा होता, म्हणून २००४ मध्ये फायरफॉक्स. एथिरियलचा २००६ मध्ये वायरशार्क झाला, 'गेम' (Gaim) नावाच्या चॅटच्या सॉफ्टवेअरचा २००७ मध्ये पिजिन. मोठमोठ्यांना करावं लागलंय, आपण कोण?

पण आमच्याकडे पहिल्या खेपेला जे झालं ते आठवलं की अजून डोकं फिरतं. नाव निवडायला झुंबड उडाली होती. मतदान झालं, लोगोचे नमुने आले, रंगांवरून दोन गट पडून भांडले. मग प्रत्यक्ष बदलायची वेळ आली. मिरवणुकीला सगळे, मांडव उतरवायला कुणी नाही. शेवटी एकजण पुढे आले, म्हणाले हे एका ओळीच्या स्क्रिप्टचं काम आहे, आणि खरंच एका ओळीची स्क्रिप्ट अख्ख्या कोडवरून फिरवून "काम फत्ते" लिहून निघून गेले.

काय फत्ते झालं ते आम्ही पुढे कितीतरी महिने निस्तरत होतो. स्क्रिप्टला नावाचं लहान अक्षरांतलं एकच रूप माहीत होतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली मोठी अक्षरं, क्लासच्या नावातलं पहिलं मोठं अक्षर, मध्ये हायफन असलेलं, अंडरस्कोर असलेलं, ही सगळी रूपं जुनीच राहिली. उलट जिथे आमचं नाव दुसऱ्याच एखाद्या लांब शब्दाच्या पोटात योगायोगानं आलं होतं, तिथे तो शब्दही कापला गेला. सोबत ठेवलेल्या एका परक्या लायब्ररीच्या कॉपीराइटच्या ओळीलाही हात लागला. जे लायसन्स आपल्याकडे बाकी काही मागत नाही, फक्त ही ओळ जशीच्या तशी ठेवा म्हणतं, त्याचीच ओळ! जुन्या रिलीज नोट्ससुद्धा बदलल्या, त्यामुळे नवं नाव जन्माला यायच्या कितीतरी आधीच्या आवृत्त्या नव्या नावानं मिरवू लागल्या. नव्या माणसानं साधन एका नावानं बसवायचं, दुसऱ्या नावानं चालवायचं आणि माहितीपुस्तिकेत तिसरंच स्पेलिंग वाचायचं. विचारायला गेलो तर त्या गृहस्थांचं उत्तर: "उरलेलं किरकोळ आहे, कुणीही करेल."

ते कुणीही म्हणजे तुम्ही निघालात.

तुमच्याकडून आधी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आलाच नाही, आला तो प्रश्न. आमच्या जुन्या नावांपैकी कोणती लोकांच्या मशीनवर आधीच जाऊन बसली आहेत? एवढंच विचारलंत. इतक्या गदारोळात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आतल्या फंक्शनचं नाव आमच्या घरातलं, ते आज बदललं काय नि उद्या बदललं काय. पण कुणाच्या तरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत) लिहिलेली कमांड, कुणाच्या तरी स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल, कुणाच्या तरी होम फोल्डरमधली सेटिंगची फाइल, ही आमची राहिलेली नाहीत. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांची आहेत, आणि त्यांना न विचारता ती हलवायचा आपल्याला फारसा हक्क नाही.

तेव्हापासून मी इतर प्रकल्पांकडेही वेगळ्या नजरेनं बघते. २०११ मध्ये हडसनचं जेनकिन्स झालं, पण जेनकिन्सच्या जावा पॅकेजांमध्ये आजही हडसन नाव आहे, कारण ढीगभर प्लगइन त्यावर उभे आहेत. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं झालं, तरी त्याची चालवायची फाइल अजून 'एसऑफिस'च आहे, त्याच्याही आधीच्या स्टारऑफिसच्या काळातली. त्याच्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्यातून त्याच्याशी बोलतात त्या नावांमध्ये, तर सन कंपनीचं नाव अजून जागच्या जागी आहे, कंपनी ओरॅकलनं कधीच घेऊन टाकली तरी. पायथनवाले चित्रांच्या कामासाठी पिलो बसवतात आणि कोडमध्ये त्याच्या पूर्वजाच्या, पीआयएलच्या, नावानं ते आयात करतात. पूर्वी मी याला आळस म्हणायचे. आता म्हणत नाही. तिथे कुणीतरी बसून विचार केलेला असतो की आपल्या नीटनेटकेपणापायी किती लोकांची कामं अडतील.

तुम्ही तो विचार आमच्यासाठी केलात. आतलं सगळं बदललंत, अगदी टेस्टमधल्या नमुना फायलींपर्यंत, आणि बाहेर गेलेलं राखलंत. जुनी कमांड चालू ठेवलीत. "आता नवं नाव वापरा" ही सूचना टर्मिनलसमोर माणूस बसला असेल तरच दिसते. रात्री क्रॉनमधून चाललं तर ती गप्प असते, नाहीतर, क्रॉन अशा सूचना मेलनं पाठवतो म्हणून, रोज पहाटे शेकडो लोकांना आमची मेल गेली असती. सेटिंगचं जुनं फोल्डर सापडलं तर तेच वाचतं, हलवत नाही. फायलींची नावं बदलणारे कमिट (बदलांच्या नोंदी) वेगळे आणि आतला मजकूर बदलणारे वेगळे ठेवलेत. फाइलचं नाव बदललं ही गोष्ट गिट, म्हणजे कोडचा इतिहास राखणारं साधन, कुठे नोंदवून ठेवत नाही, मजकूर किती जुळतो त्यावरून नंतर अंदाज बांधतं. दोन्ही बदल एकत्र कोंबले असते तर जुन्या ओळी कुणी आणि का लिहिल्या ते शोधणं मुश्कील झालं असतं. इतकं बारीक काम आपलं नसलेल्या प्रकल्पासाठी कोण करतं?

पण हे पत्र मी या कुठल्याच गोष्टीसाठी लिहीत नाहीये. लिहितेय ते भाषांतराच्या फायलींसाठी.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगते. भाषांतराच्या फायलीत मूळ वाक्य वर आणि त्याखाली त्याचं भाषांतर अशी जोडी असते. वरच्या वाक्यात एक शब्द जरी बदलला तरी खालचं भाषांतर संशयित ठरतं. फाइल ताजी करताना त्यावर 'फझी' असा शिक्का बसतो, आणि शिक्क्याची वाक्यं बिल्डमध्ये, म्हणजे लोकांकडे जाणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, घेतलीच जात नाहीत. वापरणाऱ्याला तिथे सरळ इंग्रजी दिसतं. आमच्या साधनाचं नाव जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यात आहे. पहिल्या खेपेला एका स्क्रिप्टनिशी सगळ्या भाषांमधलं वर्षांचं काम असं रद्दीत गेलं. वर कहर म्हणजे, प्रत्येक फायलीच्या डोक्यावर शेवटचं भाषांतर कुणी केलं ते लिहिणारी एक ओळ असते. फाइल उघडून सेव्ह केली की काही एडिटर तिथे तुमचं नाव आपोआप घालतात. झालं! ज्या गृहस्थांना त्यातली एकही भाषा येत नव्हती ते एका रात्रीत सगळ्या भाषांचे शेवटचे अनुवादक झाले. ज्यांनी ते काम खरं केलं होतं त्यांच्यापैकी काहीजण त्यानंतर पुन्हा दिसलेच नाहीत. भांडलेही नाहीत, नुसते यायचे थांबले.

तुम्ही वरची वाक्यं बदललीत आणि भाषांतरातलं नावही जोडीनं बदललंत, म्हणजे शिक्का बसलाच नाही. जिथे नावाला प्रत्यय लागतात, जिथे नाव बदललं की क्रियापदाचं लिंगही बदलतं, तिथे अंदाजपंचे काही न करता त्या त्या भाषेच्या माणसाला विचारलंत. आणि मग रिव्ह्यू करताना अगदी शेवटी मला एक छोटासा कमिट दिसला. त्यात कोड नव्हता, शब्द नव्हते. प्रत्येक फायलीतली ती एकच ओळ बदललेली. संदेश होता: "अनुवादकांची नावं परत जागेवर."

तुमच्या एडिटरनं घातलेलं तुमचं नाव तर तुम्ही काढलं होतंतच. पण तेवढ्यावर न थांबता मागचा इतिहास उकरून, पहिल्या खेपेला पुसली गेलेली नावंही शोधून परत लावली होती. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. वापरणाऱ्याला ती ओळ कधीच दिसत नाही. त्यातले काहीजण आता कुठल्याच प्रकल्पात दिसत नाहीत, त्यांना हे कळणारही नाही. मी त्या कमिटपाशी बराच वेळ थांबले. एक जुन्या अनुवादक, ज्यांनी त्या प्रकारानंतर एक अक्षर पाठवलं नव्हतं, त्यांनी त्याखाली नुसता अंगठा उमटवला, आणि थोड्या दिवसांनी त्यांच्या भाषेतली राहिलेली सगळी वाक्यं पूर्ण होऊन आली. निरोप काही नाही, नुसती फाइल. त्यांच्याशीही मी जमेल तेव्हा बोलणार आहे.

रिव्ह्यूत कुणीतरी तुम्हाला सुनावलं होतं की एवढा पसारा कशाला, हे एका ओळीत झालं असतं. मी उत्तर द्यायला हात शिवशिवत बसले होते. तुम्ही माझ्या आधी उत्तर दिलंत: ती एक ओळ कोणत्या तीन जागी मोडेल, ओळींच्या क्रमांकांसकट. टोमणा नाही, "आधी वाचा तरी" नाही. ते साहेब पुढे त्यातलीच एक जागा स्वतः दुरुस्त करून गेले. मी लिहिलं असतं तर ते भांडून गेले असते, याची मला खात्री आहे.

अशी माणसं आमच्या या फुकटच्या कामात आहेत म्हणून ते चालतं, असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय. नवं वैशिष्ट्य आणणाऱ्याचं नाव होतं, रिलीजच्या घोषणेत त्याची ओळ येते. जुनं नीट आवरणाऱ्याचं काम जितकं चांगलं तितकं ते कमी दिसतं. "काहीच झालं नाही" हीच त्याची पावती. आणि सभ्यपणा म्हणतात तो मला तरी भाषणांत कमी आणि अशा न दिसणाऱ्या ओळींत जास्त भेटला आहे. आचारसंहिता आमच्याही रेपोत आहे, लांबलचक. ती लिहिणाऱ्यांतच ते "काम फत्ते"वाले होते, हे जाता जाता सांगून ठेवते.

तुम्हाला कमिटचे हक्क देऊ केले, ते तुम्ही नाकारलेत. ठीक आहे, आग्रह नाही. पण पुढच्या रिलीजच्या आधी लेखकांच्या यादीत तुमचं नाव जाणार आहे, आणि ते काढणारा पॅच पाठवलात तर मी तो मर्ज करणार नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये घेणार नाही. ते टोपणनावानं लिहायचं की खऱ्या, आणि खऱ्या असेल तर स्पेलिंग काय, तेवढं रिलीजच्या आधी कळवा.

आपली,
प्रकल्पाची एक मेंटेनर