कंट्रोलरची स्टिक झिजते, भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलं गेमच्या नादाला लागली, अभ्यास बुडाला, अशी पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. पालकांची काळजी खरी आहे. मला मात्र या धंद्यात गिऱ्हाइकाच्या खिशाला कशी कात्री लागते त्याबद्दल लिहायचं आहे. बेळगावच्या शहापुरात माझं इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी रेडिओ-टीव्हीसाठी सुरू केलेलं, त्यांच्यामागे मी चालवते. हल्ली टीव्हीपेक्षा गेमचे कंट्रोलर, म्हणजे हातात धरून अंगठ्याने स्टिक हलवत खेळायची साधनं, जास्त येतात. अनगोळ, वडगाव, खानापूर, निपाणी, अगदी पलीकडच्या चंदगडहूनही मुलं घेऊन येतात.

तक्रार बहुतेक वेळा एकच. ‘‘अक्का, हात लावला नाही तरी माणूस डावीकडंच पळतोय की.’’ म्हणजे स्टिकला हात न लावताही गेममधला माणूस आपोआप सरकतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. मुलाच्या सोबत आलेला बाप आधी मुलावरच डाफरतो, आपटलास म्हणून. मी कंट्रोलर उघडून त्या बापाला दाखवते. अंगठ्याखालच्या स्टिकच्या दोन्ही अंगांना छोटी हिरवी झाकणं असतात. ती काढली की आत काळा कार्बनचा पट्टा दिसतो आणि त्यावरून घासत फिरणारी पितळी जीभ. स्टिक हलली की जीभ पट्ट्यावरून सरकते, विजेचा अडथळा बदलतो आणि त्यावरून यंत्राला दिशा कळते. भिंगाखाली धरलं तर पट्ट्याच्या मधोमध कार्बन खरवडून गेलेली चकचकीत रेघ दिसते, भोवती काळी भुकटी. स्टिक सोडली की मधेच येऊन थांबते, म्हणून झीजही तिथंच. मुलाने काही आपटलेलं नसतं. त्याने खेळ खेळलेला असतो, ज्यासाठी ती वस्तू विकली होती.

आता याला पर्याय नाही का? आहे, आणि तो जुना आहे. सेगा कंपनीच्या 1998 च्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या) कंट्रोलरमध्ये चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट स्टिक होती. तिच्यात चुंबक फिरतो आणि सेन्सर लांबूनच त्याचं क्षेत्र मोजतो. घासायलाच काही नाही, तर झिजणार काय? तशा स्टिक आज बाजारात सुट्या मिळतात, त्याच मापात बसतात, काही शे रुपयांत येतात. लहान चिनी कंपन्या त्या आपल्या स्वस्त कंट्रोलरमध्येही घालतात. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निंटेंडो या तिघा मोठ्यांचे नेहमीचे कंट्रोलर मात्र अजून कार्बनच्या पट्ट्यावरच चालतात.

निंटेंडोचं उदाहरण तर जगजाहीर आहे. 2017 साली त्यांचा स्विच नावाचा कन्सोल बाजारात आला. ड्रिफ्टवरून 2019 मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला, 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. युरोपातल्या ग्राहक संघटना एकत्र येऊन युरोपीय आयोगाकडे गेल्या, तेव्हा 2023 मध्ये वॉरंटी संपल्यावरही तिथे मोफत दुरुस्ती देणं कंपनीला कबूल करावं लागलं. एवढं रामायण झाल्यावर 2025 मध्ये स्विच 2 आला, त्यातही हॉल इफेक्ट स्टिक नाही. आपल्याकडे तर निंटेंडो अधिकृतपणे स्विच विकतच नाही. इथे जे स्विच दिसतात ते बाहेरून आयात होऊन आलेले. ते बिघडले तर दाद मागायची कुणाकडे?

ज्यांची अधिकृत विक्री आहे त्यांचंही फारसं बरं नाही. खानापूरच्या एका मुलाला कंपनीच्या केंद्राने कंट्रोलर कुरिअरने बेंगळुरूला पाठवायला सांगितलं. तिथून उत्तर आलं की वॉरंटी संपली आहे, दुरुस्ती होत नाही, नवा घ्या. भारतात 2021 मध्ये सोनीचा प्लेस्टेशन 5 हा कन्सोल आला तेव्हा त्याच्या एका कंट्रोलरची किंमत 5,990 रुपये होती. एका झिजलेल्या पट्ट्यासाठी एवढे पैसे?

दुरुस्ती होत नाही हे म्हणणं मला मान्य नाही, कारण ती मी करते. पण ती मुद्दाम कठीण ठेवली आहे असं रोज वाटतं. एक स्टिक बोर्डावर 14 ठिकाणी डाग देऊन बसवलेली असते. शिशाविना केलेला डाग लवकर वितळत नाही, आणि बोर्डाचं तांबं उष्णता शोषून घेतं. आधी प्रत्येक डागावर जुनं शिशाचं सोल्डर चढवायचं, मग पंपाने ओढून घ्यायचं. घाई केली तर तांब्याची रेघच उचकटून येते आणि बोर्ड कायमचा गेला. नवी स्टिक बसली तरी मध्यबिंदू पुन्हा जुळवावा लागतो. त्याचं सॉफ्टवेअर कंपनी आम्हाला देत नाही. कुणा हौशी प्रोग्रामरने इंटरनेटवर मोफत टाकलेल्या साधनावर आमचं काम चालतं, त्या भल्या माणसाचे उपकार. सोनीच्याच महागड्या ड्युअलसेन्स एज कंट्रोलरमध्ये मात्र स्टिकचा अख्खा भाग खटकन काढून दुसरा बसवता येतो. म्हणजे कसं करायचं हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. ती सोय जास्त पैसे मोजणाऱ्यासाठी राखून ठेवली आहे, याचा मला राग येतो. आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुठल्याही लेथवाल्याला विचारा. बेअरिंग झिजणारच, म्हणून ते काढता येईल असंच बसवतात.

यामागचं गणितही उघड आहे. एक्सबॉक्स कन्सोल विकून नफा होत नाही, असं मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने 2021 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात साक्षीत सांगितलं. पैसा गेममध्ये, वर्गणीत आणि कंट्रोलरसारख्या जोडवस्तूंत आहे. डिस्कचा ड्राइव्हच नसलेले कन्सोल येऊ लागले तेही याच वाटेने. निपाणी-चिकोडीकडची मुलं एक डिस्क चौघांत फिरवतात, खेळून झाली की अर्ध्या किमतीत पुढे देतात. डाउनलोड केलेला गेम असा कुणाला देता येत नाही. आणि तो कायम आपला राहील याचीही खात्री नाही. यूबीसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर 2024 मध्ये बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना उघडेनासा झाला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचे गुण दाखवणारा निर्देशांक आणण्याची शिफारसही 2025 मध्ये झाली, पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. त्या यादीत गेमिंग कन्सोल आणि कंट्रोलर यायलाच हवेत. स्टिकचे सुटे भाग आणि मध्यबिंदू जुळवायचं सॉफ्टवेअर कोणत्याही दुकानदाराला रास्त दरात मिळालं पाहिजे. खोक्यावर स्टिक कोणत्या प्रकारची आहे ते छापलं पाहिजे. आपल्या भागातल्या खासदारांनी हे संसदेत विचारावं, आणि ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनीही यात लक्ष घालावं. त्यांना पुरावा हवा असेल तर झिजलेल्या स्टिकचा डबा माझ्या दुकानात भरलेला आहे, भिंगासकट दाखवीन.

आपली नम्र,
एक दुरुस्ती कारागीर,
शहापूर, बेळगाव