मॉनिटरवरच्या चिकटपट्टीबद्दल

आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि.

तुम्ही या महिनाअखेर रिटायर होताय, असं वॉर्डातल्या मावशींकडून कळलं. निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला लावतील आणि मी ‘त्यांचं सहकार्य मोलाचं होतं’ असलं काहीतरी पुटपुटून खाली बसेन, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणून लिहून टाकतो. तुमचं नाव घालत नाही, हॉस्पिटलचंही नाही. पत्र मात्र उघडं ठेवतोय. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे माझ्यासारखे पुण्यात पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांच्याच नशिबी तुमच्यासारख्या सिस्टर नसतात.

आपली ओळख भांडणातून झाली, ते तुम्हाला आठवत असेलच. आमचं सॉफ्टवेअर वॉर्डात लागून तीन आठवडे झाले होते आणि ऑफिसात तक्रार आली : ‘फीमेल मेडिकलच्या सिस्टर स्क्रीन झाकून ठेवतात.’ मी तणतणत आलो. मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यात मायक्रोपोरचा बोटभर तुकडा चिकटवलेला, आणि त्यावर बॉलपेनने काढलेला एक गोल. बरोबर त्याच जागी आमची हिरवी टिक यायची : ‘ॲलर्जी – नाही’. त्या टिकेचा मला फार अभिमान होता. डॉक्टरांनी औषध लिहिलं की कॉम्प्युटर आधी तिथे बघणार, ॲलर्जी असेल तर लाल पट्टी दाखवून अडवणार. डेमोला सगळे त्यावरच खूश व्हायचे. मी नखाने ती चिकटपट्टी काढायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, “काढा, काढा. तुम्ही गेलात की परत लावते. रोलला तोटा नाही आमच्याकडे.”

मग तुम्ही मला अकरा नंबरच्या बेडपाशी नेलंत. आजी आदल्या रात्री कॅज्युअल्टीत आल्या तेव्हा शुद्धीवर नव्हत्या, सोबत फक्त शेजारचा मुलगा. “मग यांना ॲलर्जी नाही, हे तुमच्या कॉम्प्युटरला सांगितलं कोणी?”

मी लॅपटॉप उघडून नोंद शोधली. रात्री सव्वादोनला काउंटरवरच्या पोराने ‘नाही’ निवडलं होतं. त्याची काही चूक नव्हती. फॉर्मवर दोनच पर्याय होते, आहे आणि नाही, आणि शेजारी मी हौसेने लावलेली लाल चांदणी : हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मागे रांग, समोर बेशुद्ध बाई. त्याने पुढे जाता येईल ते उत्तर दिलं. खोटं बोलायला त्याला मीच भाग पाडलं होतं, आणि वर त्या खोट्याला हिरवा रंगही मीच दिला होता.

तेव्हा तुम्ही खिशातून ती वही काढलीत, लांबट, कोपरे मुडपलेली. बेड नंबर, नाव आणि पुढे एक खूण. टिक म्हणजे विचारलं, काही नाही. काट म्हणजे आहे, आणि पुढे औषधाचं नाव. रिकामा गोल म्हणजे अजून विचारायचंय. अकरा नंबरपुढे गोल होता. हँडओव्हर देताना तुम्ही गोल वाचून दाखवायचात, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला कळायचं की नातेवाईक आले की आधी काय विचारायचं. काही पानांवर गोलात एक टिंबही होतं. मी विचारलं तर म्हणालात, “विचारलं, पण त्यांनाच ठाऊक नाही. परत परत विचारून डोकं कशाला खायचं?”

सिस्टर, त्या वेळी मी नुसती मान हलवली. घरी जाताना लक्षात आलं की ज्या गोष्टीवर आमच्या क्षेत्रातले लोक गेली पन्नास वर्षं डोकं खाजवताहेत, ती तुमच्या खिशात होती. एसटीच्या वेळापत्रकात सव्वातीनची गाडी लिहिलेली नसेल, तर सव्वातीनला गाडी नाही असं आपण बिनदिक्कत समजतो. जे लिहिलं नाही ते नाहीच. आमचे बहुतेक प्रोग्रॅम असेच विचार करतात, आणि या सवयीला शास्त्रात नावही आहे : बंद जगाचं गृहीतक. पगारपत्रकाला ते चालतं. आजारी माणसाचं जग मात्र बंद नसतं. त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं नाही, त्यातलं बरंचसं फक्त कोणी विचारलेलं नसतं.

जुन्या लोकांना हे कळलेलं होतं, म्हणून जास्त लाज वाटली. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला एडवर्ड शॉर्टलिफ यांनी मायसिन नावाचा प्रोग्रॅम केला. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठलं अँटिबायोटिक द्यावं ते सुचवणारा, काही शे ‘जर-तर’ नियमांवर चालणारा. तो डॉक्टरांना प्रश्न विचारायचा, आणि डॉक्टर ‘माहीत नाही’ असं उत्तर देऊ शकत. त्यावर तो अडून बसत नसे, आहे त्या माहितीवर पुढे जाई. उलट डॉक्टरांनी ‘का?’ असं टाइप केलं, तर हा प्रश्न कुठल्या नियमासाठी विचारतोय तेही सांगे. मेंदूज्वराच्या केसेसवर त्याची परीक्षा झाली (निकाल १९७९ मध्ये छापून आला), तेव्हा कोणी काय सुचवलंय हे लपवून तज्ज्ञांकडून मार्क घेतले आणि मायसिन तिथल्या प्राध्यापकांच्या तोडीस तोड निघाला. वॉर्डात मात्र तो रोजच्या कामाला कधी लागला नाही. माझा प्रोग्रॅम वॉर्डात लागला होता, आणि त्याला ‘माहीत नाही’ म्हणायची सोयच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी तिसरा पर्याय घालून घेऊन आलो. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही फॉर्म वाचलात आणि म्हणालात, “प्रश्नच चुकलाय. ‘ॲलर्जी आहे का’ विचारलं तर निम्म्या बायका नाही म्हणतात. त्यांना वाटतं ॲलर्जी म्हणजे धुळीने शिंका येतात ते.” आणि माझ्यासमोर तुम्ही सहा नंबरच्या बाईंना विचारलंत, “कुठल्या गोळीने, इंजेक्शनने कधी अंगावर पित्त उठलं होतं का? रिॲक्शन आली होती?” त्या लगेच म्हणाल्या, हो, धाकट्याच्या वेळी, ओठ सुजले होते. दहा मिनिटांपूर्वी याच बाईंनी मला ‘नाही’ सांगितलं होतं.

त्या ‘पित्त’ शब्दाने मला पुढे महिनाभर छळलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. ‘मला पित्त आहे’ म्हणजे छातीत जळजळ. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे खाजऱ्या गांधी. ‘पित्ताचे खडे’ म्हणजे सोनोग्राफी आणि सर्जन. शब्द एक, आजार तीन, आणि त्यातला एकच औषध थांबवण्याच्या कामाचा. उलट्या बाजूने शुगर, साखर, डायबिटीस, मधुमेह असे चार शब्द आणि आजार एकच. यासाठी स्नोमेड सीटी नावाचा एक प्रचंड कोश आहे. त्यात साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत, प्रत्येकीला शब्दांपासून सुटा असा आकडा दिलेला. मधुमेहाचा ७३२११००९. माणसाने काहीही म्हणावं, नोंद आकड्याने व्हावी. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे, म्हणून इथे तो वापरायला फी पडत नाही, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्याच पुण्यात, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. इतकं जवळ असून मी त्याच्याकडे नीट पाहिलं ते तुमच्या सहा नंबरमुळे. पण त्या कोशातला आकडा निवडण्याआधी बाईंना नेमकं काय विचारायचं, ते कोशात नसतं. ते तुमच्याकडून लिहून घेतलं आणि आता फॉर्मवर तुमचंच वाक्य आहे, जसंच्या तसं.

तसंच तापाचं. अँटिबायोटिक बंद करायची आठवण द्यायला मी नियम केला होता : चोवीस तास ताप शंभरच्या खाली. तुम्ही टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर बोट ठेवून एवढंच विचारलंत, “ताप उतरलाय का उतरवलाय?” दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू होतं. एका ‘व’मध्ये अख्खी फार्माकॉलॉजी. आता तो नियम तापासोबत ड्रग चार्टही बघतो.

मेटफॉर्मिनचा, म्हणजे मधुमेहाच्या गोळीचा प्रसंग मात्र मला आजही ऐकायला नकोसा वाटतो. मेल वॉर्डातला चाळिशीचा एक पेशंट, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) १.५, आणि आमची लाल पट्टी रोज आडवी. आरएमओ, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, रोज ती बंद करायचे, रोज एक शिवी घालून. तुम्ही मला विचारलंत, “हा दीड आला कुठून?” मी म्हटलं, गाइडलाइनमधून. कुठल्या? कधीच्या? मला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या कोणीतरी तो आकडा लिहिला होता, आणि मी तो देवासारखा सांभाळत होतो.

शोधलं तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या जुन्या लेबलवर तसं होतं : पुरुषांत क्रिएटिनिन १.५, बायकांत १.४ किंवा जास्त असेल तर मेटफॉर्मिन नको. हे औषध किडनीवाटे बाहेर जातं. साठून राहिलं तर रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढायची भीती. पण खरा प्रश्न किडनी किती गाळते हा आहे, आणि क्रिएटिनिन तोच असला तरी वय आणि लिंग बदललं की गाळण्याचा अंदाज बदलतो. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, क्रिएटिनिनऐवजी ईजीएफआर, म्हणजे हा गाळण्याचा अंदाज, धरायला सांगितलं : ३० च्या खाली द्यायचंच नाही, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही. मी ईजीएफआर काढायच्या २०२१ च्या सूत्रात आकडे घालून पाहिले. चाळीस वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन १.५ : ईजीएफआर साधारण ६०. पंचाहत्तर वर्षांची बाई, क्रिएटिनिन १.३ : साधारण ४३. आमचा नियम त्याला अडवत होता आणि तिला सोडत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, सिस्टर. किती पंचाहत्तरच्या आजी त्या चाळणीतून बिनबोभाट गेल्या असतील, याचा विचार करत पडलो होतो. आरएमओंच्या शिव्या त्यामानाने परवडल्या.

आकडा कॉम्प्युटरमध्ये गेला होता, कारण बाहेरच राहिलं होतं. कारण आत असतं, तर आकडा जुना झालाय हे कोणाच्या तरी ध्यानात आलं असतं. यावरही उपाय कधीचाच होता. १९८९ मध्ये न्यूयॉर्कजवळ आर्डन होमस्टेड नावाच्या जागी काही मंडळी बसली आणि असे नियम लिहायची एक पद्धत ठरवली, तिला आर्डन सिंटॅक्स म्हणतात. त्यात प्रत्येक नियमासोबत तो कशासाठी, लिहिला कोणी, आधार कशाचा, आणि तो वापरात आहे, चाचणीत आहे की मुदत संपलेला आहे, हे लिहायला जागा असते. शिवाय ‘हो’ आणि ‘नाही’च्या जोडीला ‘माहिती नाही’ हे तिसरं मूल्यही. त्या पद्धतीची एक खोड मात्र प्रसिद्ध आहे. प्रत्येक हॉस्पिटलची माहिती वेगळ्या कपाटात, म्हणून ती कुठून काढायची तेवढा भाग महिरपी कंसात टाकतात, आणि नियम दुसऱ्या हॉस्पिटलात नेला की त्या कंसातलं सगळं नव्याने लिहावं लागतं. महिरपीच्या आतली जागा ज्याची त्याने भरायची. ती भरताना तुमच्यासारखं कोणी शेजारी नसलं, की माझ्यासारखे लाल चांदण्या लावत सुटतात.

आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर तारीख असते. माझ्या नियमांवर आता आहे.

तुमच्या गोलाचंही एक सांगायचं होतं. हॉस्पिटलांनी एकमेकांना माहिती पाठवायची फायर नावाची पद्धत आहे, आयुष्मान भारत डिजिटल मिशनही तीच वापरतं. तिच्यात, एखादी माहिती नसेल तर का नाही, हे सांगायला ठरलेले संकेत आहेत. ‘विचारलंच नाही’ वेगळं, ‘विचारलं पण ठाऊक नाही’ वेगळं. म्हणजे रिकामा गोल आणि टिंबाचा गोल. तिसरं एक आहे, ‘विचारलं पण सांगायला नकार दिला’. त्याला तुमच्या वहीत खूण नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणालात, “मला नाही कोणी नकार देत.” खरं आहे.

सध्या त्या कोपऱ्यात करडा गोल येतो. हिरवी टिक कोणीतरी विचारून, आपल्या नावाने नोंद केल्याशिवाय येत नाही. चिकटपट्टीचा डाग मात्र मॉनिटरवर तसाच आहे. मामांनी दोनदा स्पिरिटने पुसून पाहिला, जात नाही.

एक गोष्ट राहिली आहे. वहीत तुम्ही दोन पेनं वापरता : पेशंटने स्वतः सांगितलेलं निळ्याने, नातेवाइकांनी सांगितलेलं लालने. आमच्या फॉर्मवर ‘कोणी सांगितलं’ असा रकाना आहे, पण तो सगळे रिकामाच सोडतात. त्याला लाल चांदणी लावायची नाही, एवढी अक्कल आता आली आहे. पुढे काय करायचं ते सुचत नाही.

म्हणून जाताना ती वही कपाटात टाकून जाऊ नका. एका दिवसापुरती मला झेरॉक्सला द्या. पेशंटच्या नावांवर चिकटपट्टी तेवढी लावून.

आपला,
तिसऱ्या मजल्यावर वायर शोधत फिरणारा सॉफ्टवेअरवाला