मंत्रिमहोदय, आम्ही उरलेल्या ०.८१ टक्क्यांतले

मा. माहिती व प्रसारण मंत्री, नवी दिल्ली यांस,
सादर नमस्कार.

पत्र नातीकडून लिहून घेतोय. मला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड-अंधार तेवढा कळतो.

आमच्या आकाशवाणी केंद्रावरचे जुने निवेदक ३१ तारखेला घरी बसले. निवृत्त म्हणवत नाही, कारण ते ‘कॅज्युअल’. महिन्याला फार तर सहा ड्युट्या, पेन्शन नाही, नारळ नाही. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं उरलेल्या चार माणसांना तुमची कारणे दाखवा नोटीस नको.

शेवटच्या दिवशी सकाळच्या सभेत, म्हणजे सकाळच्या प्रसारणात, अर्धा तास त्यांना निरोप देऊ, जुन्या टेपा लावू, असं मला फोनवर सांगितलं होतं. पहाटे उठून दाढी केली. (रेडिओसाठी दाढी! हसा.) नवे सेल घातले. मध्यम लहरी बंद झाल्यापासून आमच्याकडे एफएम फक्त गोठ्याच्या पायरीवर लागतं, तेही एरियल पत्र्याला टेकवून. मध्ये डोंगर आडवा येतो. शेणाच्या वासात तासभर बसलो. लागलं काय? दिल्लीहून कुठल्याशा योजनेचं कौतुक. ते संपलं, सभाही संपली. त्या माणसाला ‘येतो’ म्हणायला एक मिनिट मिळालं नाही.

बाळ ज. पंडितांनी मराठीत क्रिकेटचं धावतं समालोचन रुजवलं, आमचे निवेदक त्याच वाटेवरचे. झेल उडाला की हे बोलायचे थांबायचे. इकडे आमचा घास हातात. आधी लोकांचा गलका, मग मागून सावकाश, ‘सुटला हो.’ चिंचेची सावली चहापानानंतर खेळपट्टीवर येते हे मला डोळे शाबूत असताना कधी दिसलं नव्हतं, ते त्यांनी दाखवलं. डॉक्टरनं ‘आता फरक पडणार नाही’ सांगितलं त्या दिवशीही घरी येऊन मी सामनाच लावला होता. बायको म्हणाली, रडा तरी. कसा रडू, शेवटची जोडी खेळत होती.

माझा भाचा लॉस एंजेलिसला असतो. तिथं बेसबॉलचे विन स्कली नावाचे समालोचक होते, एकाच संघासाठी ६७ हंगाम बोलले. लोक मैदानात बसूनसुद्धा ट्रान्झिस्टर कानाला लावायचे. २०१६ साली ते थांबले तेव्हा स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं, राष्ट्राध्यक्षांनी पदक दिलं. आम्ही रस्ता मागत नाही. आमचा रस्ता आधी डांबरी करा, नावाचं नंतर बघू.

आकाशवाणी म्हणे देशातल्या ९९.१९ टक्के लोकांपर्यंत पोचते. दशांशासकट! आमचं अख्खं खोरं उरलेल्या ०.८१ टक्क्यांत बसवलंय, एवढी माणसं तिथं मावली कशी देव जाणे. तक्रारीला सतरा फोन केले, नात म्हणते बावीस. उत्तर एकच, ‘आजोबा, ॲप घ्या.’ आंधळ्याला गुळगुळीत काच देऊन बोट कुठं ठेवायचं ते सांगत नाहीत. आणि रेंज कोण देणार, तुम्ही?

तुमच्याकडे लिहिलं की उत्तर येईल, आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती स्वायत्त आहे. कायदा १९९०चा, लागू झाला १९९७ला. ही स्वायत्तता योजनांचं कौतुक लावताना कुठं जाते? २०२४ला मराठीला अभिजात दर्जा दिलात, फटाके वाजले. आणि इथं ‘पायचीत’ लिहिताना नात विचारते, हे काय असतं? एसटीची मुक्कामी गाडी बंद, शाळेत पट नाही म्हणून कुलूप, पोस्टमन आठवड्यातून एकदा. सगळ्याला कारण एकच, परवडत नाही. आमचे वडील वर्षाच्या वर्षी पोस्टात रेडिओचा परवाना शुल्क भरून घ्यायचे, तेव्हा त्यांना परवडतं का हे कुणी विचारलं नव्हतं.

मागणं थोडं आहे. मध्यम लहरी चालू करा. आमच्या निवेदकांच्या टेपा पुसल्या नसतील तर अर्धा तास लावा, आधी कळवून. आणि त्यांच्या राहिलेल्या ड्युट्यांचे पैसे द्या. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मला ठाऊक आहे.

उत्तर धाडाल तर मोठ्या अक्षरांत नको, उपयोग नाही. नात शाळेतून पाचला येते, ती वाचून दाखवेल.

आपला,
एक श्रोता